तासाला वीस मिनिटं

खरं सांगायचं तर मी तासांसाठी गेले होते.
एन.एस.एस.च्या वहीत एकशेवीस भरायचे होते,
माझे झाले होते एक्याऐंशी
आणि मार्च संपत आला होता.
मॅडम म्हणाल्या, ऐरोलीच्या सेंटरला लेखनिक हवीय,
अक्षर बरं आहे तुझं, जा. सहा तास लावते.

कुंदा मढवी. गोठिवलीची. टी.वाय., इतिहास.
काठीची घडी करून तिने बाकाखाली ठेवली,
तळहाताने बाकाची कड चाचपली,
मग म्हणाली, नाव काय गं?
संबोधी.
"हे बघ संबोधी, प्रश्न वाचताना घाई नको.
आणि मी सांगत असताना 'हं' म्हणू नकोस.
'हं' ऐकलं की वाटतं, बरोबर आलं."

स्टाफरूमशेजारची खोली. जुनी कपाटं, तडकलेला पृथ्वीगोल,
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनरची धडधड.
ती बोलत होती, मी लिहीत होते.
परिच्छेद संपला की बाकावर
बोटाची एक टिचकी.

तिसरा प्रश्न. सत्यशोधक समाजाची स्थापना.
ती म्हणाली, अठराशे पंच्याहत्तर.

आमच्या घरात हे साल
माझ्या वाढदिवसापेक्षा जास्त वेळा निघतं.
बाबा दारावर आलेल्या सेल्समनलाही सांगतील :
अठराशे त्र्याहत्तर.
नुसता एका पाचाचा तीन करायचा होता.
पर्यवेक्षक खिडकीशी, पाठमोरे, फोनवर.
कुणाला कळणार होतं?
तिलासुद्धा नाही.

माझं पेन थांबलं.

"चुकलं वाटतं," ती म्हणाली.
मी गप्प.
"पेन थांबलं तुझं, म्हणजे चुकलंय.
राहू दे. मी म्हटलं तेच लिही."

लिहिलं.
इतका सुबक पाच
मी आयुष्यात काढला नव्हता.

गेटपाशी तिने विचारलं, किती होतं?
त्र्याहत्तर.
हसली. "शेवटच्या आकड्याची माझी नेहमीच बोंब.
पण तू बदललं असतंस ना,
तर माझं जे बरोबर आलंय
तेही मग माझं राहिलं नसतं."
आणि काठी उघडता उघडता,
"सोमवारी राज्यशास्त्र. येशील?
तास मिळतील ना तुला?"
ती टोमणा मारत नव्हती.
म्हणूनच लागलं.

सोमवारी गेले. बुधवारी गेले.
वहीवर सही घ्यायला एकदा विसरले,
एकदा आठवण होती, तरी घेतली नाही.

मग दिघ्याचा एक मुलगा, बँकेच्या परीक्षेला,
इतका भराभर बोलायचा की माझं मनगट सुजलं.
कोपरीच्या एक बाई, चव्वेचाळीस वर्षांच्या, दहावीला,
गणिताच्या पेपरात दोनदा रडल्या.
दोन्ही वेळा मी नुसती बसून राहिले.

एकदा नाही म्हटलं.
आत्तेभावाची हळद होती, रात्रभर नाचले,
खोटं कशाला बोलू, मजा आली.
दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं,
तुर्भ्याच्या त्या मुलीला कोणी मिळालंच नाही.
पेपर न देता परत गेली.
रिक्षाचे जाऊन-येऊन एकशेचाळीस.
तो आकडा डोक्यात बसलाय,
त्र्याहत्तरच्या शेजारी.

आता माझ्या फोनमध्ये सतराजणांची यादी आहे.
मार्चमध्ये मी फोन सायलेंट करत नाही.
परवा एक नवा मुलगा आला, घणसोलीचा, अकरावीतला,
सारखा गुडघा हलवत होता.
त्याला म्हटलं, आवाज स्वच्छ ठेव,
'हं' म्हणू नकोस,
आणि काहीही ऐकलंस तरी
पेन थांबवू नकोस.

ताई, तास किती?
तीन, म्हटलं. वर तासाला वीस मिनिटं जादा.
म्हणजे चार, तो पुटपुटला,
आणि दप्तरातून दुसरं पेन काढून
तळहातावर रेघ ओढून बघितली.